वाचनालयातली तिसरी तसबीर

ह्यांचा चेहरा वाईट नव्हता. वाईट होता तो फोटो.

आमच्या श्रीवर्धनच्या वाचनालयात शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन तसबिरी दिसतात. ज्या तिघांनी वाचनालय काढलं, त्यांच्या त्या. पहिले दोघे आता नाहीत. तिसरे माझे यजमान. ते आहेत, आणि रोज संध्याकाळी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. बाहेरगावचा कोणी आला की तो आधी तसबिरीकडे बघतो, मग खुर्चीकडे बघतो आणि विचारतो, "हा फोटो मुंबईला काढला का?" कोणीतरी सांगतं की नाही, घरीच काढला, त्यांच्या कुटुंबाने. पाहुणा हसतो. त्याला ती थट्टा वाटते. ती थट्टा नाही, एवढं नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

एकोणीसशे तिसाच्या जरा आधीची ही हकीगत. वाचनालयाला स्वतःची इमारत झाली तेव्हा मुंबईहून एक फोटोग्राफर आणवला होता. त्याने भर दुपारी अंगणात खुर्च्या मांडून सगळ्या मंडळींचा एकत्र फोटो काढला. हे मधल्या खुर्चीत. महिन्याभराने फोटो बोटीने आला आणि सगळे तो बघायला जमले. त्यात ह्यांच्या तोंडाच्या जागी एक काळं भोक होतं. ह्यांना लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचे वण गालांवर आहेत; पण फोटोत गालांची पार चाळण झाली होती. बाकीची माणसं साधारण आपापल्यासारखी आली होती. हेच तेवढे भलतेच कोणीतरी. शेजारची एक पोर मोठ्याने म्हणाली, "मधला राक्षस कोण?" सगळे हसले, हेही हसले. घरी आल्यावर आमच्या वाट्याची प्रत ह्यांनी ट्रंकेच्या तळाशी पालथी घातली.

मला राग आला तो त्या फोटोग्राफरचा. ह्या माणसाने वीस वर्षं वाचनालयासाठी काय केलं ते मी पाहिलं आहे. आगबोट आमच्याकडे किनाऱ्याला लागत नाही, लांब उभी राहते. पुस्तकांच्या पेट्या पडावातून यायच्या. त्या भिजू नयेत म्हणून हे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पेट्या डोक्यावर घ्यायचे. सुपारीच्या वाडीचे मालक, घरी गडीमाणसं. पण पुस्तकांच्या पेटीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. अशा माणसाचा फोटो राक्षसासारखा यावा हे मला पटलं नाही. पण ते तेवढ्यावरच राहिलं असतं. दसऱ्याच्या सुमारास वाचनालयाचे चिटणीस आमच्या ओटीवर येऊन बसले नसते, तर मी काही केलं नसतं.

"भाऊ, गुढीपाडव्याला तुम्हां तिघांच्या तसबिरी लावायच्या असं ठरलंय," चिटणीस म्हणाले. "त्या दोघांच्या घरून फोटो मिळाले. तुमचा द्या."

"माझा नको. मी अजून आहे. ज्याला बघायचंय त्याने खुर्चीत बघावं."

"तिघांनी काढलेलं वाचनालय, आणि तसबिरी दोन? लोक म्हणतील, तिसऱ्याशी भांडण झालं."

"म्हणू देत."

"तसं नाही चालायचं. नवा फोटो काढवत नसाल तर इमारतीच्या वेळचा आहेच. त्यातलं तुमचं तोंड तेवढं मुंबईहून मोठं करून घेऊ. हल्ली पाहिजे तेवढं मोठं करून देतात."

हे म्हणाले, "करा काय करायचं ते."

मी आत दाराशी होते. ते तोंड, आणि पाहिजे तेवढं मोठं. ओटीवरून पानाचं तबक सरकल्याचा आवाज आला.

त्यानंतर हे वाचनालयात जाईनासे झाले. दिवेलागणीला काठी उचलून बाहेर पडणारा माणूस झोपाळ्यावर बसून राहू लागला. विचारलं तर म्हणायचे, आता तिथे गर्दी फार असते. गर्दी कसली, चार माणसं असतात. एकदा म्हणाले, "वर्तमानपत्र घरीच मागवावं म्हणतो." तेव्हा मला कळलं की हे पाडव्याआधीच सोडून द्यायला निघाले आहेत. ज्या खोलीसाठी आयुष्य घातलं तिच्या भिंतीवर ते तोंड लागणार आणि त्याच्याखाली बसायचं, हे ह्यांना होणार नव्हतं. आणि फोटोसाठी पुन्हा कोणापुढे बसायचं, तेही होणार नव्हतं.

घरात आणखी एक विरोध होता. ह्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या वन्संचा. त्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, विधवेचं लाल लुगडं, अलवण, नेसणाऱ्या, तोंडाच्या फटकळ आणि मनाच्या चांगल्या. त्यांचं म्हणणं निराळंच. "अगं वहिनी, भिंतीवर कोण जातं? गेलेली माणसं जातात. धडधाकट माणसाला भिंतीवर कशाला चढवता? देवालाही वाटायचं, हा आलाच म्हणून."

मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि फोटो काढायचं ठरवलं.

आता माझ्याकडे कॅमेरा कुठून आला ते सांगते. तो मुळात ह्यांचा. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून ह्यांनी हौसेने घेतला होता. लाकडी, तिकाटण्यावर उभा करायचा, काळ्या कापडात डोकं घालून बघायचा. ह्यांची हौस एक हंगाम टिकली. काचेवरचा फोटो औषधात टाकायचा आणि ओटीवर कोणी आलं की बोलत बसायचं. परत येऊन बघावं तर काच काळीठिक्कर. मी म्हटलं, द्या इकडे. हे काम अवघड आहे असं पुरुष उगाच म्हणतात. ज्या बाईला पापडखाराचं प्रमाण कळतं आणि पाक कधी उतरवायचा ते कळतं, तिला काच कधी काढायची ते कळतंच. आमच्या बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या की भर दुपारी तिथे मिट्ट काळोख. कंदिलाला लाल कापड गुंडाळावं लागतं. ते मी वन्संच्या जुन्या अलवणातून फाडून घेतलं, दुहेरी करून. त्या उजेडात काच बिघडत नाही. विहिरी आमच्याकडे दोन. समुद्राकडची मचूळ आहे, तिच्या पाण्याने काचेवर डाग पडतात, म्हणून धुवायला वाडीतल्या गोड्या विहिरीचं पाणी. एवढं सांभाळलं की झालं. मी शेजारच्या मुलांचे फोटो काढले, बंदरातल्या पडावांचे काढले, एकाने गाय विकायची म्हणून तिचाही काढून नेला. गाय उत्तम आली होती, लगेच गेली. फक्त ह्यांचा नव्हता काढला. कॅमेरा उभा केला की हे वाडीत निघून जात.

या वेळी मी ह्यांना सरळ सांगितलं, "ते तोंड भिंतीवर लागायचं नसेल तर माझ्यापुढे बसा. मी काही परकी नाही."

"आणि तुझ्याही फोटोत तसंच आलं तर?"

"तर काच फोडून टाकीन. कोणाला दिसणार नाही."

हे बसले. चेहरा मोठा यावा म्हणून मी कॅमेरा अगदी जवळ नेला. काच धुतली, कागदावर उन्हात छाप उठवला, आणि बघितलं तर नाक म्हणजे भरताचं वांगं. कान कुठेतरी मागे राहिलेले. हे बराच वेळ बघत राहिले.

"इमारतीच्या फोटोत निदान नाक माझं होतं," म्हणाले.

मी काच फोडली. शब्द दिला होता.

दिवाळीत माझा धाकटा भाऊ मुंबईहून आला. त्याला या कामातलं कळतं. काच फोडली तरी वांग्याचा छाप मी त्याला एकट्याला दाखवायला ठेवला होता. तो हसला नाही, एवढं त्याचं बरं. "ताई, तू फार जवळ जातेस," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचं हे भिंग देखाव्यांसाठी आहे, डोंगर-समुद्र सगळं मावावं म्हणून. जवळ गेलीस की पुढे असेल ते फुगतं. चेहऱ्यासाठी निराळं भिंग मिळतं. लांब उभी राहा, तरी चेहरा काचभर येईल आणि नाक नाकाएवढंच राहील."

"मग यंदा भाऊबीजेला लुगडं नको. ते भिंग घाल ओवाळणीत."

"ताई, लुगडं आणलंय."

"ते परत ने. तुझ्या बायकोला होईल."

मार्गशीर्षात बोटीवरून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर भिंग आलं. पितळेचं, फुलपात्राएवढं, तांब्याइतकं जड, पोह्यांच्या डब्यात पोह्यांत पुरलेलं. आमच्या कॅमेऱ्याच्या भोकात ते बसेना, म्हणून सुताराकडून फणसाची फळी कापून घेतली आणि तिच्यात बसवलं. कॅमेऱ्याचा घड्याघड्यांचा चामडी भाता पार पुढे ओढावा लागे. माझा कॅमेरा आता नाक पुढे काढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा, पण ह्यांचं नाक त्यामुळे जाग्यावर येणार होतं.

भिंगाची परीक्षा घ्यायला मी ह्यांना पडवीत बसवलं आणि लांब उभी राहून काळ्या कापडाखाली गेले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चेहरा आला. मी लग्न होऊन इतकी वर्षं ह्या घरात होते, पण ह्यांच्याकडे असं थेट, थांबून, दिवसाउजेडी कधी बघितलं नव्हतं. आमच्या वेळी बायकोने घरात नवऱ्याकडे टक लावून बघत बसण्याची रीत नव्हती. कापडाखाली कोण बघतंय ते कोणाला दिसत नाही. कपाळ रुंद, भुवया दाट, डोळे शांत. वण होते, पण नांगरलेल्या शेतातली ढेकळं लांबून दिसतात तसे, त्रास न देणारे. मला तो चेहरा चांगला दिसला. तो चांगला होताच. मला फक्त त्याचा पुरावा हवा होता.

तेवढ्यात वन्सं आल्या. "काय बघतेस एवढं? मला दाखव." मी कापड वर धरलं. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर, हे सांगायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. वन्सं आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"अगं, माझ्या भावाला वटवाघळासारखा टांगलास की."

"वन्सं, छापताना सरळ होतं."

"आधी सरळ कर, मग छाप." त्या जाऊन ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवून आल्या, खात्री करायला.

त्या दिवशी काढलेला फोटो धुतला. नाक जाग्यावर. कान जाग्यावर. भिंगाने चेहऱ्याच्या कडा मऊ केल्या होत्या, गालांची चाळण गेली होती. आणि तोंडाच्या जागी तेच काळं भोक. कपाळावरचं गंध तर काळा खिळा ठोकल्यासारखं. ह्यांनी फोटो बघितला, खाली ठेवला, म्हणाले, "भिंगाचा दोष नाही. तोंडच तसं आहे. जाऊ दे आता." आणि वाडीत गेले.

मला ते तोंड रोज समोर दिसत होतं. ते तसं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मग काचेला तसं का दिसतं? मी फोटो घेऊन पडवीच्या उजेडात बसले आणि चेहरा सोडून बाकीचं बघू लागले. मागे दोरीवर वन्संचं अलवण वाळत होतं. ते फोटोत काळं होतं, शाईत बुडवल्यासारखं. त्याच्या बाजूची जास्वंदीची फुलंही काळी. अलवण लाल, जास्वंद लाल, गंध लाल. मी बाळंतिणीच्या खोलीत जाऊन कंदिलाचं कापड हातात घेतलं. तेही लालच, त्याच अलवणाचं. त्या उजेडात काच बिघडत नाही, कारण काचेला लाल दिसतच नाही. हे मला इतके दिवस माहीत होतं आणि तरी कळलेलं नव्हतं. जे काचेला दिसत नाही ते काळं येणार. आणि ह्यांचे ओठ, दात, जीभ सगळं पानाने लाल. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत हे पान खातात. सुपारी घरची, पानवेल घरची, चुना तेवढा विकतचा.

ट्रंकेतून इमारतीच्या वेळचा फोटो काढून बघितला. आणखी दोघांची तोंडं काळी होती. दोघेही पट्टीचे पान खाणारे, पण कडेला उभे आणि मिशा दाट, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी वन्संना हाक मारून तिथेच सगळं समजावलं. त्यांना लाल-काळ्याचं फारसं कळलं नाही, पण मुद्दा कळला.

"म्हणजे राक्षस पानात होता."

"हो."

"मग पानच बंद."

ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "फोटो नको. पान राहू दे."

"तोंड उजळेपर्यंत. मग खा हवी तेवढी."

"माझी वाडी सुपारीची. मी पान सोडलं असं बाजारात कळलं तर व्यापारी म्हणतील, सुपारीत काहीतरी गडबड आहे."

हे काही खोटं नव्हतं. पण वन्संनी पानाचं तबक उचलून देवघरात देवांच्या मागे ठेवलं, आणि देवांच्या मागे हात घालायची ह्यांची छाती नव्हती. रोज सकाळी लिंबाच्या सालीने आणि राखुंडीने दात घासायला लावले. हे चिडचिडे झाले. जेवण झालं की तबकाकडे हात जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदा वाडीतल्या गड्याकडे मागताना वन्संनी पकडलं. गडी म्हणाला, "मी न्हाय दिलं, बाय. भाऊंनीच हात पुढं केला." तोंडाला ऊन लागू नये म्हणून छत्री घेऊनच बाहेर पडायचं, असंही मी ठरवलं होतं, कारण उन्हाने रापलेली तांबूस कातडीही काचेला काळीच दिसते. हे म्हणाले, "नवऱ्यामुलीलासुद्धा एवढं जपत नाहीत." पण छत्री घेतली. तेवढ्यावरून मला कळलं, ह्यांनाही फोटो हवा आहे.

ओठ मूळ रंगावर आले तसा मी सकाळचा वेळ धरला. वाडीकडची पडवी, वर पोफळींची सावली, ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर. वण बाजूच्या उजेडात खोल दिसतात, समोरच्या सावलीच्या उजेडात उथळ. दुसऱ्या बाजूला ह्यांचंच पांढरं धोतर दोरीवर ताणून लावलं, म्हणजे उजेड परतून गालावर यावा. कपाळाला चंदनाचं गंध लावायला सांगितलं. हे खुर्चीत बसले आणि लगेच कचेरीत साक्ष द्यायला बसल्यासारखे ताठ झाले.

"अहो, जरा सैल बसा."

"सैलच बसलोय."

"जबडा आवळलाय तुम्ही."

"पान नाही तोंडात, तर जबडा करणार काय?"

दोन काचा तशाच गेल्या. तिसरी घातली तेव्हा वाडीत सुपारी पाडायचं काम चालू झालं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. पोफळ बारीक आणि उंच. पाडणारा गडी एका झाडावर चढतो, घड उतरवतो आणि खाली न येता झाड झुलवून झुलवून शेजारच्या झाडाला हात घालतो. मधे खाली काही नसतं. वाडीचा मालक कितीही जुना असो, गड्याने झाड झुलवायला घेतलं की त्याचा श्वास अडकतो. हे ह्यांचं मी शेकडो वेळा बघितलेलं.

गडी वरून ओरडला, "खाली कोन हाय? सरका."

ह्यांनी मान वर केली. झाड झुलू लागलं. मी भिंगावरचं झाकण हळूच काढलं आणि मनात मुसळाच्या घावांच्या चालीने मोजू लागले. हे हलले नाहीत. हनुवटी वर, ओठ मिटलेले पण सैल, डोळे त्या माणसावर खिळलेले. गड्याचा हात पुढच्या झाडाला लागला, हे खुर्चीत मागे टेकले, आणि तोवर मी झाकण बसवलं होतं.

"काय, कधी काढणार?" हे म्हणाले.

"काढला."

"मी तिकडे बघत होतो."

"बघत होतात म्हणूनच काढला."

काच औषधात टाकली आणि अलवणाच्या लाल उजेडात चेहरा वर येताना बघत उभी राहिले. काचेवर सगळं उलट असतं, काळं ते गोरं आणि गोरं ते काळं. पण सरावाने मला तिथेच वाचता येतं. तोंड होतं. माणसाचं, मिटलेलं, नीट. मी काच वेळेवर उचलली, गोड्या पाण्यात धुतली, वाळू दिली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात छाप काढला.

तो फोटो चांगला आला एवढंच मी म्हणणार नाही. तो उत्तम आला. गावातल्या कोणत्याही घरात मी त्या तोडीचा फोटो पाहिलेला नाही, आणि आमच्याकडे मुंबईला जाऊन फोटो काढून आलेली घरं पुष्कळ आहेत. भावाने नंतर बघितला तेव्हा म्हणाला, "ताई, वण पेन्सिलने काढून टाकता येतात काचेवर. मुंबईला सगळे काढतात." मी म्हटलं, वण राहू देत. मी उजेड कुठून घ्यायचा ते ठरवलं, पान बंद केलं, भिंग बदललं. चेहरा नाही बदलला. बदलायचा असता तर दुसऱ्या कोणाला बसवलं असतं.

ह्यांना फोटो जेवणाआधी दिला. झोपाळ्यावर बसून बघितला, उभे राहून दारातल्या उजेडात बघितला.

"वण दिसतात."

"आहेत म्हणून दिसतात."

थोड्या वेळाने म्हणाले, "मी असा दिसतो?"

"रोज," मी म्हटलं आणि पानं वाढायला गेले. वन्संनी देवांच्या मागून तबक काढून दिलं.

फोटो मोठा करायला मुंबईला भावाकडे गेला, चौकट बसून परत आला. चिटणीस बघून म्हणाले, "भाऊ, फोटोग्राफर कोण?" हे म्हणाले, "आहे घरचाच." चिटणिसांनी पुढे विचारलं नाही.

पाडव्याच्या सकाळी मी समारंभाला निघाले तेव्हा वन्सं दारात उभ्या. त्या अशा कार्याला येत नसत. "वहिनी, एक कर," म्हणाल्या. "तसबीर लागायची ती लागू दे. पण हार घालू देऊ नकोस. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार नको. माझ्या गळ्याशपथ."

मी हो म्हटलं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण शब्द दिला की दिला.

वाचनालयात पुरुष पुढे खुर्च्यांवर, आम्ही बायका मागे सतरंजीवर. हे पहिल्या रांगेत, धुतलेल्या अंगरख्यात, मान खाली. दसऱ्यापासून ह्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. अध्यक्षांचं भाषण झालं, पडदा सरकला. तिघे दिसले. लोक तिसऱ्याकडे बघू लागले, मग ह्यांच्याकडे, मग पुन्हा तसबिरीकडे. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, हे तर अगदी तेच." मला याहून मोठी शाबासकी नको होती.

आणि शिपाई स्टूल घेऊन पुढे आला. हातात झेंडूचे तीन हार. पहिल्याला घातला, दुसऱ्याला घातला आणि कोणी काही म्हणायच्या आत तिसऱ्यालाही. ह्यांनी मान वर करून बघितलं. दोन गेलेल्या मित्रांच्या रांगेत, हार घातलेले, स्वतः. ह्यांचा चेहरा उतरला. मी तो चेहरा आता चांगला ओळखत होते.

मी उठले. बायकांतून वाट काढत पुढे गेले आणि शिपायाला म्हटलं, "तो हार काढ."

"बाईसाहेब, तिन्हींना घालायला सांगितलंय."

"ते दोघे देवाघरी आहेत. हे समोर बसलेत. काढ."

त्याने काढला आणि आता याचं काय करायचं म्हणून माझ्याकडे बघत राहिला. तो हार धरून मी तरी काय करणार? परत फुलवाल्याकडे थोडाच जाणार होता? मी तो घेतला, वळले आणि पहिल्या रांगेत जाऊन ह्यांच्या गळ्यात घातला.

मागून बायकांतून आवाज आला, "लग्न लागलं गं पुन्हा." आणि हशा पिकला. "नाव घ्या, नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही." पुरुषही हसत होते. अध्यक्षसुद्धा.

नवऱ्याचं नाव आम्ही तोंडाने घेत नाही, उखाण्यात गुंफून घेतो. उखाणा जुळवायला वेळ लागतो आणि सभा खोळंबली होती. मी ह्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सरळ एका दमात घेतलं आणि म्हटलं, "यांचा हा फोटो मी काढला आहे." मग जाग्यावर जाऊन बसले. हशा थांबला होता. चिटणिसांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

घरी आल्यावर वन्संनी आधी विचारलं, "हार?"

"ह्यांच्या गळ्यात आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसून हसून डोळे पुसले. मग म्हणाल्या, "यमक नाही काही नाही, हा कसला उखाणा?"

"काम झालं ना?"

"झालं," वन्सं म्हणाल्या. हे मात्र अंगरखा उलटापालटा करून बघत होते. झेंडू ओला होता, छातीवर पिवळा डाग पडला होता. तो डाग मी सोड्याने धुतला, तरी थोडा राहिला.

पुढे बऱ्याच बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन आल्या. मी आधी तोंड उघडायला लावायची. पानवाल्यांना परत पाठवायची, ओठ उजळले की या म्हणून.

हे पुन्हा रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊ लागले. फक्त खुर्ची बदलली. पूर्वी खिडकीशी बसत, आता तसबिरींच्या समोरच्या भिंतीशी बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, इथे उजेड चांगला येतो. मी ती जागा बघितली आहे. उजेड मला कळतो. संध्याकाळी तिथे उजेड मुळीच नसतो.